सगळ्यांची दुसरी पसंती

साहेबांच्या शोकसभेत मला पाच-सात मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी मेंढरांची गोष्ट सांगितली, लोक हसले, आणि मी खाली येऊन बसलो. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, तुमच्याइतकं जवळून साहेबांना कुणी पाहिलं नसेल. ते खरं आहे. म्हणूनच जे सांगायचं होतं ते मी तिथं सांगितलं नाही. त्यांची शेवटची निवडणूक गेली, त्यात माझा हात होता. सभेत हार घातलेल्या फोटोसमोर हे बोलायची माझी छाती झाली नाही. इथं लिहितो.

साहेब पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर होते. लागोपाठ दोनदा निवडून आले होते. पक्ष होता, पण पक्षाला त्यांचा भरवसा नव्हता. कारण सभागृहात ते उठले की आधी समोरच्या बाकांवरच्या माणसाचं म्हणणं मांडायचे, आणि तेही त्या माणसापेक्षा नीट. मग थांबून म्हणायचे, "यातलं अर्धं बरोबर आहे. आता उरलेल्या अर्ध्याचं बोलू." एकदा त्यांचं ते पहिलं अर्धं इतकं रंगलं की पक्षाच्या प्रतोदांनी मला बाहेर बोलावून विचारलं, तुझे साहेब आज नेमके कुणाकडून बोलतायत. मी म्हटलं, अजून थोडा वेळ थांबा, कळेल. पाठीमागं सगळे त्यांना 'अर्धेसाहेब' म्हणायचे. त्यांनाही ते ठाऊक होतं. "पूर्ण म्हणण्यापेक्षा बरं," एवढंच ते म्हणायचे.

आणखी एक खोड होती. कुणावर टीका करायची असली की आदल्या दिवशी संध्याकाळी ते त्या माणसाच्या खोलीवर जायचे आणि उद्या मी तुमच्याविरुद्ध हे हे बोलणार आहे, असं सांगून यायचे. मंत्री असला तरी. एका मंत्र्यानं रात्रीत उत्तर तयार करून दुसऱ्या दिवशी साहेबांना पुरतं गप्प केलं होतं. मी चिडलो. साहेब मात्र खूश होते. म्हणाले, "बघ, बिचाऱ्याला वेळ मिळाला तर किती चांगलं बोलतो."

त्यांचं शिक्षण पोलीस ॲक्शनच्या आधीचं, निजामाच्या राज्यातलं, उर्दूतलं. भाषणाची टिपणं ते उजवीकडून डावीकडं लिहायचे, त्यामुळं ती फक्त त्यांनाच वाचता यायची. त्यावरूनही काही लोक टोमणे मारत. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच, अजिंठ्याहून परत येताना, एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विषय काढला तेव्हा बोलले. त्यांच्या गावात त्या वर्षी उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं त्यांच्या घरातली माणसं शेजारच्या मुसलमानाच्या कडब्याच्या गंजीमागं लपली होती, आणि भादव्यात, फौज आल्यावर, तेच शेजारी यांच्या गंजीमागं. म्हाताऱ्यानं विचारलं, मग चूक कुणाची म्हणायची? साहेब म्हणाले की कडब्यामागं बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. मग त्यांनी खिडकी लावून घेतली आणि औरंगाबाद येईपर्यंत झोपल्यासारखे बसून राहिले.

पण साहेब म्हटलं की लोकांना आठवते ती त्यांची बैठक. शहरात त्यांचं घर साधंच होतं, पुढं ओटा आणि ओट्यावर सतरंजी. भांडणं घेऊन लोक तिथं यायचे. एसटीनं, जीपनं, गंगापूरकडून, कन्नडकडून. नियम एकच. ज्यानं त्यानं आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही, समोरच्याचं सांगायचं. आणि समोरचा जोवर "व्हय, हेच माझं म्हणणं" म्हणत नाही तोवर पुढं जायचं नाही. साहेब तोवर तोंड उघडत नसत. सुपारी कातरत बसायचे, खायचे मात्र नाहीत. कातरलेली सुपारी आल्या-गेल्याला वाटून टाकायचे.

मेंढरांची गोष्ट तिथलीच. एका पाटलाच्या उभ्या ज्वारीत एका मेंढपाळाची मेंढरं शिरली होती. दोघंही एकाच जीपमधून आले होते, एकमेकांकडं पाठ करून. साहेबांनी मेंढपाळाला सांगितलं, तू पाटलाचं सांग.

तो म्हणाला, "म्या कामून ह्यांचं सांगू? त्यांना हाय की तोंड."

"सांग. तू पाटील आहेस असं धर."

आधी तो लाजला. मग डोक्याचा पटका नीट केला, मांडी बदलली, आणि सुरू झाला. रातच्याला लाइट येती म्हणून थंडीत उठून पाणी दिलं, पाय बधिर झाले, पोरं म्हणत होती कामून मरता, तरी दिलं. कणसं हुरड्याला आली. आन सकाळी येऊन बघतो तं कडंचं वावर साफ, नुसते धांडे उभे. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. "आन हा मेंढरंवाला कुठं व्हता? बाभळीखाली झोपला व्हता हा! ह्याला चावडीवर बांधून घाला. ह्याची मेंढरं जप्त करा. सगळी!"

पाटील गडबडला. म्हणाला, "आरं, सगळी नाय म्हणत मी. येवढं बी नाय म्हणत."

ओट्यावर सगळे हसले. मेंढपाळसुद्धा हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आपण स्वतःच स्वतःला बांधून घातलं. पाटलाला मग मेंढपाळाचं सांगायला वेळ लागला, पण त्यानंही सांगितलं. शेवटी ठरलं की पुढच्या मोसमात मेंढरं पाटलाच्याच मोकळ्या रानात बसवायची, खत पाटलाला. साहेबांनी त्यातला एक शब्दही सुचवला नव्हता. त्यांनी दोघांच्या हातावर सुपारी ठेवली, बस्स.

शोकसभेत मी हे असं सांगितलं. खरंही आहे.

मी त्यांच्याकडं आलो तेव्हा नुकता बी.ए. झालो होतो. पत्रं लिहायची, भेटी ठरवायच्या, सोबत फिरायचं, हे काम. पण खरं काम वेगळंच होतं. एसटीच्या लांब प्रवासात आमदारांसाठी राखलेल्या सीटवर आम्ही दोघं बसलो की ते म्हणायचे, "चल. माझ्याविरुद्ध बोल." मी विरोधक व्हायचं. जितकं कडू बोलता येईल तितकं बोलायचं, आणि ते उत्तर द्यायचे. पहिल्यांदा माझी जीभ रेटेना. ते चिडले. म्हणाले, "असं मवाळ बोलणारा विरोधक मला आयुष्यात भेटलेला नाही. नीट बोल." हळूहळू मला ते जमलं. नंतर नंतर तर माझा त्यात हातखंडा झाला. त्यांचं कुठं दुखतं, कुठं ते अडखळतात, कोणत्या प्रश्नावर उगाच चष्मा पुसतात, सगळं मला पाठ झालं. कंडक्टर लोकांना वाटायचं, आमदारसाहेबांशी हा पोरगा रोज भांडतो कसा.

आता दादाचं सांगतो. माझा मोठा भाऊ. गंगापूरजवळच्या एका शाळेत मास्तर होता, अजून कायम झालेला नव्हता. त्यानं वर्गात एका पोराला मारलं. जोरात मारलं. पोराचा कान सुजला. पोराचा बाप तक्रार घेऊन शाळेत गेला आणि संस्थेच्या अध्यक्षांनी दादाला काढायचं ठरवलं. दादा माझ्याकडं आला. माझ्याकडं म्हणजे साहेबांकडं. हे अध्यक्ष म्हणजे साहेबांचे जुने ओळखीचे. एक फोन केला असता तर काम झालं असतं. सगळं घर त्या एका फोनकडं डोळे लावून बसलं होतं. वहिनीला सातवा महिना होता.

साहेबांनी पोराच्या बापाला बोलावून घेतलं आणि दोघांना सतरंजीवर समोरासमोर बसवलं. बाप हमाली करणारा माणूस. त्याला मास्तरचं सांगायला सांगितलं. तो म्हणाला, वर्गावर पत्रे हायेत, उन्हाळ्यात चुलीवानी तापतात. पोरं मावत नाहीत, काही दारात बसतात. मास्तरला नोकरी पक्की नाय. घरी बाई गरवार हाय, डोक्यात तेच चाललेलं असतंय. त्यात माझं पोरगं लई वांड. मास्तरनं दोनदा सांगितलं आसंल, तिसऱ्यांदा हात उठला.

दादा मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, हो, हेच.

मग साहेब म्हणाले, "मास्तर, आता तुम्ही यांचं सांगा."

दादानं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मी कोपऱ्यात उभा होतो. मनात म्हणत होतो, बोल, काहीही बोल, पोराच्या कानाचं एक वाक्य बोल. तो उठला. "मला नाही जमायचं," म्हणाला, आणि चपला घालून निघून गेला.

मी संध्याकाळी साहेबांना विनवलं. म्हटलं, बैठकीचं राहू द्या, फोन तेवढा करा. ते म्हणाले की ज्याला दुसऱ्याचं एक वाक्य सांगता आलं नाही, त्याच्यासाठी शब्द टाकला तर त्या हमालाला मी काय तोंड दाखवू. फोन झाला नाही. दादाची नोकरी गेली. तो शहागंजात एका कापडाच्या दुकानात कामाला लागला. अजून तिथंच आहे.

मी साहेबांना सोडलं नाही. दुसरं काम नव्हतं, हे एक. आणि ते खोटं वागले असं मला म्हणताही येत नव्हतं. पण नंतरच्याच एका प्रवासात ते नेहमीसारखे म्हणाले, "चल, माझ्याविरुद्ध बोल," तेव्हा मी एकच वाक्य बोललो. "साहेब, बुडत्याला ऐकणारा नको, ओढणारा हवा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मला तिसऱ्याच कुठल्या पत्राबद्दल विचारलं.

त्यानंतरची निवडणूक ती शेवटची. पक्षानं तिकीट दिलं नाही. साहेब अपक्ष उभे राहिले. समोर पक्षाचा माणूस होता, शिवाय एक वकील. वकील मोठ्या आवाजाचे, दिलदार, दोस्तांच्या गराड्यात राहणारे. दादा त्या बैठकीतून उठून गेल्यापासून साहेबांच्या ओट्यावर बसायला मला नकोसं व्हायचं, म्हणून दुपारी मी शहागंजात चहाला जायचो. तिथं एकदा वकील भेटले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "क्या मियां, सुना है साहेब तुला स्वतःविरुद्ध बोलायला लावतात? जरा आम्हालाही ऐकव."

मी आढेवेढे घेतले. मग बोललो. साहेबांच्या उठण्याबसण्याची नक्कल केली, 'यातलं अर्धं बरोबर आहे' म्हणून दाखवलं. चार माणसं जमली, हसली. मला बरं वाटलं, हेही खरं आहे. हसणं ओसरल्यावर मी बुडत्याचं ते वाक्य बोललो.

वकिलांनी कप खाली ठेवला आणि ते वाक्य हळू आवाजात एकदा स्वतःशी म्हटलं.

मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो की ती बढाई होती, चहाच्या भरात जीभ घसरली, रोजचा सराव तोंडातून गेला. तसं नव्हतं. बाकीची नक्कल बढाई होती. ते वाक्य मी समजून उमजून दिलं. वकिलांचे डोळे पाहिले तेव्हा आपण काय देतोय हे मला कळत होतं, आणि मी ते परत घेतलं नाही.

त्याच आठवड्यात ते भिंतींवर आलं. शहागंजात, गंगापूरच्या रस्त्यावर, कॉलेजांच्या कुंपणांवर, निळीच्या मोठ्या अक्षरांत. खाली वकिलांचं नाव. साहेबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जीपमध्ये त्यांच्या मागं बसलो होतो. त्यांनी ड्रायव्हरला जीप जरा हळू घ्यायला सांगितलं. पूर्ण वाचलं. मग म्हणाले, चला. पुढच्या सभेत लोकांनी त्यांना तेच विचारलं. उत्तर येईल म्हणून मी वाट पाहत होतो. ते म्हणाले, हे म्हणणं नीट आहे, त्यावर मी विचार करतोय. निवडणुकीत उभा असलेला माणूस असं बोलतो का?

पदवीधरांच्या मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे घालायचे असतात; पहिली, दुसरी, तिसरी. ज्याच्या पहिल्या पसंती सगळ्यांत कमी, तो आधी बाद. मतमोजणीच्या टेबलाशी मी उभा होतो. पत्रिकांमागून पत्रिका उलगडत होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीवर साहेबांच्या नावापुढं दोनचा आकडा होता. वकिलांच्या माणसांनी त्यांना दुसरी पसंती दिली होती, पक्षाच्या माणसांनीही. एक म्हणून फार थोड्यांनी. दुसरी पसंती मोजायची वेळ यायच्या आत ते बाद झाले. वकील निवडून आले. शेजारचा कारकून म्हणाला, असा पडलेला उमेदवार मी पाहिला नाही, ह्यांच्याविरुद्ध कुणीच नाही आणि तरी पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब अभिनंदनाला वकिलांच्या घरी गेले. मला घेऊन गेले. वकिलांनी त्यांना वाकून नमस्कार केला, मिठाई आणली, आणि माझ्याकडं बघून बोलता बोलता थांबले. साहेबांनीच त्यांना सोडवलं. म्हणाले, "आमदारसाहेब, एक मागणं आहे. या मुलाला ठेवून घ्या. तुमच्याविरुद्ध चांगलं बोलेल."

बाहेर आल्यावर फाटकाशी मी त्यांना विचारलं की तुम्हाला कधी कळलं.

"भिंतीवर वाचलं तेव्हाच. तुझ्या तोंडून आधी ऐकलं होतं ना."

"मग मला हाकललं का नाही?"

"उत्तर शोधत होतो," ते म्हणाले. "सापडलं असतं तर भिंतीवर त्या वाक्याखालीच लिहिलं असतं, आणि तुलाही ठेवलं असतं. आता माझ्याकडं राहिलास तर आपण दोघंही एकमेकांशी गोड बोलू. ते नको."

मी वकिलांकडं राहिलो. पुष्कळ वर्षं राहिलो. घर बांधलं, मुलांची शिक्षणं केली. माणूस वाईट नव्हता. माझ्याविरुद्ध बोल, असं मात्र त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही.

निकाल लागला त्या आठवड्यात मी दादाकडं गेलो होतो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. तो दुकानात कापडाचा तागा गुंडाळत होता. मी म्हटलं, पडले साहेब. त्यानं तागा फळीवर ठेवला. म्हणाला, "मी पहिली पसंती त्यांनाच दिली होती." मी विचारलं, का? म्हणाला, त्या हमालानं माझं किती नीट सांगितलं होतं. घरी बायको गरोदर आहे इथपर्यंत. माझ्या तोंडून त्याच्या पोराच्या कानाचं एक अक्षर निघालं नाही. ह्यात साहेबांचं काय चुकलं? मग गिऱ्हाईक आलं आणि तो त्याला शर्टिंग दाखवायला लागला. ज्याच्यासाठी सूड घेतला असं मी मानत होतो, त्यानं तो मागितलाही नव्हता. ते वाक्य वकिलांना मी दिलं, हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही. तो वर्तमानपत्र रोज वाचतो, दिवाळी अंकही वाचतो. हे छापलं गेलं तर त्याला कळेल.

साहेबांकडं मी वर्षातून एखाददुसऱ्यांदा जायचो, दसऱ्याला सोनं द्यायला वगैरे. निवडणुकीचा विषय निघत नसे. मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा ते फार थकले होते. ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. ऐकायला कमी येत होतं, म्हणून मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि जे बोलायला गेलो होतो ते मोठ्यानं बोलायचं नव्हतं. तरी बोललो. "साहेब, ते वाक्य मी सरावाचं म्हणून नव्हतो बोललो. एसटीतसुद्धा नाही, चहाच्या दुकानातसुद्धा नाही. मला तसंच वाटत होतं."

ते म्हणाले, "ठाऊक आहे. सरावाचं असतं तर मी उत्तर दिलं असतं."

मी हलका झालो. इतका हलका झालो की तिथंच थांबलो नाही. त्यांनी दादाबद्दल कधी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं. दादा कुठं असतो, त्याची मुलगी आता शिकवते, आणि त्या निवडणुकीत त्यानं पहिली पसंती कुणाला दिली होती. मला वाटलं, त्यांना आनंद होईल.

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगायला मी पुढं वाकलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"त्यानं मत दिलं," ते म्हणाले. "आणि मी एक फोन केला नाही."

मी काहीतरी बोलायला गेलो. नियम होता, बैठक झाली होती, तुमचं बरोबरच होतं, असलं काहीतरी. त्यांनी मान हलवली. त्यांच्या त्या वाक्यात दुसरी बाजू नव्हती, आणि ती मी मांडलेली त्यांना नको होती. अर्धं बरोबर आहे, असंही ते म्हणाले नाहीत.

ऊन ओट्यावरून खाली उतरलं तसा मी निघालो. माणूस कितीही लहान असो, त्याला फाटकापर्यंत सोडायला जायची त्यांची रीत होती. काठी घेऊन का होईना, यायचे. त्या दिवशी ते खुर्चीतून उठले नाहीत. मी फाटकाची कडी लावली आणि वळून पाहिलं. ते सतरंजीकडं पाहत होते, दादा जिथं बसला होता त्या जागेकडं.